छावणीतलं ताक

दूध विकायचं आणि ताक वाटायचं, असा आमच्या घरचा रिवाज. कॅन सकाळ-संध्याकाळ सोसायटीच्या डेअरीत जायचा. मागं राहिलेलं थोडं थोडं दूध आई विरजायची, एक दिवसाआड घुसळायची आणि गल्लीतल्या बायका गाडगी घेऊन दारात यायच्या. ताकाला कुणाला नाही म्हणायचं नाही. गरम भाकरीवर लोण्याचा गोळा पडला की आमची चैन झाली. याहून महागाच्या चैनी मी पुढं पाहिल्या, पण त्यांची आठवण काढत बसावं असं त्यांच्यात काही नव्हतं.

ते विरजण आईनं माहेराहून आणलेलं. लग्नातल्या भांड्यांना पोचे पडले, लुगडी विरली, तिचे आई-बाप गेले. विरजण तेवढं चालू होतं. रोज थोडं मागं राखायचं आणि त्यातूनच उद्याचं लावायचं. दुसऱ्याच्या घरून आणायचं नाव काढलं की ती तोंड वाकडं करायची. दह्याच्या बाबतीत माझी आई भलती गर्विष्ठ होती. "तुझं दही सोवळ्यात ठेव," असं आम्ही चिडवायचो. तिला त्यात चेष्टा दिसायचीच नाही.

मग दुष्काळ पडला. विहिरीनं तळ दाखवला, कडबा संपला. सहकारी साखर कारखान्यानं मांजरसुंब्याच्या अलीकडं जनावरांची छावणी काढली आणि वडील म्हैस घेऊन तिकडं निघाले. आता घरात दूधच राहणार नव्हतं. म्हणून आईनं विरजणाचं गाडगं त्यांच्या हातात दिलं. ज्या माणसानं जन्मात चुलीवरचं दूध उतरवलं नव्हतं, त्याच्या हातात.

"म्हशीइतकंच ह्याला बी जपा," ती म्हणाली.

वडील नुसते "हं" म्हणाले. मला हसू येत होतं, पण आईचा चेहरा बघून मी ते दाबत म्हशीकडं वळले.

तो उन्हाळा आम्ही दोघींनी टँकरच्या पाण्यावर आणि कोऱ्या चहावर काढला. भाकरी, चटणी, वर पाणी. आईनं कुरकुर केली नाही. छावणीतून कुणी गावात आलं की ती एकच विचारायची, "तिकडं दही लागतंय का?" लोकांना वाटायचं, या बाईला नवऱ्याची काही फिकीरच नाही.

शेवटी एके दुपारी भाकऱ्या बांधून आम्ही छावणीत गेलो. वडील पाचटाच्या खोपटात बसले होते. ते फार वाळले होते. त्यांनी उठून आईच्या हातात ताकाचा वाडगा दिला. तिनं एक घोट घेतला आणि ती थांबली. ती परकी चव तिला कळणार नाही, हे शक्यच नव्हतं.

"आपलं गेलं," वडील खाली बघत म्हणाले. "गार ऱ्हावं म्हणून वाढ्याच्या ढिगात पुरून ठेवलतं. ढीग आतून तापला. सकाळी हात घातला तर गाडगं चटका देत व्हतं."

वाढं म्हणजे जनावरांना घालतात ते उसाचे हिरवे शेंडे; त्यांचा ढीग आतून तापतो, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. पण दही म्हणजे वडिलांच्या लेखी बायकांचं, चुलीपाशीचं काम. शेतातली अक्कल त्यांनी तिथं वापरलीच नाही.

"हे इरजण चकलांबा गावच्या एका बाईनं दिलं," ते म्हणाले. "मंग तेच लावतोय."

शेजारच्या खोपटातला माणूस मध्येच बोलला, "वैनी, आमाला सगळ्यांला पाजतेत, पर तुमचं दही गेल्यापासनं सोता थेंब घेत न्हाईत बगा. भाकर पाण्यात बुडवून खातेत."

मला वडिलांचा राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. आई मात्र त्या वाडग्याकडं बघत होती. माहेरचं तेवढं विरजणच उरलं होतं तिचं. मग तिनं ताक शेवटपर्यंत पिऊन टाकलं, वाडगा पुन्हा भरला, त्यात भाकरी कुस्करली आणि वडिलांपुढं धरला.

"खावा," ती म्हणाली. "आता हेच आपलं हाय."

वडील मान खाली घालून जेवू लागले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दाढीवरून ओघळत होतं, आणि आई पदरानं त्यांना वारा घालत होती.