सूचीतली परकी ओळ

त्या संगणकवर्गाची मला पहिल्या दिवसापासून किळस आली. शहापूरला महामार्गालगतच्या एका गॅरेजच्या माडीवर तो भरत असे. जिन्याच्या प्रत्येक वळणावर खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, आणि वर एका ओळीत मांडलेले कळफलक, ज्यांवरून दिवसभर कोणाकोणाची बोटे फिरलेली. माझ्या वाट्याला येणाऱ्या कळफलकावरची सर्वांत लांब कळ चिकट होती. दाबली की क्षणभर बोट सोडीत नसे. मी जुन्या पंचाचा ओला तुकडा बरोबर नेई आणि बसण्यापूर्वी ती पुसून घेई. घरी परतल्यावर आधी स्नान, मग संध्या. माझ्या पुसण्याला मुले हसत असत, हे मला दिसत होते.

तरीही मी जात राहिलो, कारण माझ्या गुरूंची वही माझ्या घरी होती.

शाळेत संस्कृत शिकवण्यात माझे आयुष्य गेले. परंतु जे काही मला आले, ते गुरूंच्या बपेरा गावातल्या घराच्या ओसरीवर बसून आले. देवीची स्तोत्रे, पूजाविधी आणि त्यांवरील स्वतःच्या टिपा त्यांनी दोन वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. ते गेल्यानंतर गुरुपत्नींनी, ज्यांना आम्ही सारे शिष्य आई म्हणतो, त्यांतील एक वही पेटीतून काढली. मी हात पुढे केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी हात धुऊन ये." हात धुऊन आल्यावरच ती मला मिळाली. त्यांच्या दोन लेकी. एक बालाघाटकडे दिलेली, दुसरी गोंदियाला, जे एकेकाळी आपल्याच जिल्ह्यात होते. दोघींनाही वडिलांचे अक्षर घरबसल्या वाचायचे होते. संकेतस्थळाची कल्पना त्यातूनच निघाली.

"हे नीट जमलं तं दुसरी देईन," आई म्हणाल्या होत्या. "नाही तं ते माझ्यासंगं जाईल."

त्या असे बोलत, तेव्हा ती धमकी नसे. जे होणार तेवढेच त्या सांगत.

वर्गाची शिक्षिका जवाहरनगरच्या क्वार्टरमधून येई. तिचे वडील तिथल्या कारखान्यात नोकरीला. घर बौद्ध, आणि तिच्या संगणकाच्या पडद्यावर बुद्धाचे शांत मुख. माझ्या नातीच्या वयाची ती मुलगी मला गुरुजी म्हणे आणि तरीही माझी चूक लपवीत नसे. हा गुण मला आवडला होता, जरी तो मला फार सोसावा लागला.

पाने तयार करणे मला लवकर जमले. अडले ते सूचीपाशी. पानाच्या माथ्यावर तीन शब्द असावेत, स्तोत्रे, पूजाविधी, टिपा. 'स्तोत्रे' या शब्दावर बोट ठेवताच खाली चौदा स्तोत्रांची नावे उघडावीत, आणि पुन्हा ठेवताच मिटावीत. एवढेच माझे मागणे. या मंडळींनी त्याला मेनू म्हणावे, याचेही मला वैषम्य वाटे. खानावळीच्या भिंतीवरचा शब्द देवीच्या नावांच्या डोक्यावर. हे उघडणे-मिटणे घडवण्यासाठी आज्ञांच्या ओळी लिहाव्या लागतात, त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. माझ्या स्क्रिप्टने नावे उघडत, पण मिटत नसत, आणि पूजाविधीची नावे स्तोत्रांच्या अंगावर येऊन बसत. दोन्ही वाचता येत नसत.

"तुमी घाई करून राहिले, गुरुजी," शिक्षिका म्हणाली. "उघडा म्हणून सांगतलं तुमी त्याले. बंद हो म्हणून कुठी सांगतलं?"

"एवढे त्याला कळू नये?"

"त्याले काहीच कळत नाही. तुमाले कळाले पायजे."

नवरात्र जवळ आले होते, आणि अष्टमीला सूची आईंना दाखवायची, असे मी मनाशी ठरवून बसलो होतो. त्या आठवड्यात शिक्षिका दीक्षाभूमीवरच्या सेवेच्या तयारीसाठी नागपूरला गेली आणि वर्ग बंद झाला. तेव्हा मी तिच्या पाठीमागे एक गोष्ट केली. तयार सूच्या फुकट देणारे एक परदेशी संकेतस्थळ वर्गातील मुले वापरत. तेथील एक स्क्रिप्ट मी घेतली.

घेतली म्हणजे मुले घेतात तशी उचलून चिकटवली नाही. तसे करणे मला अपवित्र वाटले. गुरूंनी आम्हाला पोथ्या उतरवायला शिकवले होते, आणि त्यांचा दंडक एकच होता: पुढ्यात जसे आहे तसे उतरवावे, आपले शहाणपण घालू नये, कळले नाही म्हणून अक्षर गाळू नये. मी तीन सकाळी ती स्क्रिप्ट घरच्या संगणकावर अक्षर-अक्षर उतरवली. मग ताडून पाहताना शेवटाकडून आरंभाकडे वाचत गेलो, जसे आम्ही पाठ पक्का करताना वाचत असू. शेवटची ओळ फार लांब होती आणि तिला काही अर्थ दिसत नव्हता. अक्षरे, आकडे, पुन्हा अक्षरे, मध्ये कोठे श्वास नाही. बीजमंत्रांनाही आपण अर्थ विचारीत नाही, असे मी मनाशी म्हणालो आणि ती ओळ अधिकच आदराने उतरवली. सूची उघडली, मिटली. मी संगणकाला नमस्कार केला. हे लिहिताना आज मला स्वतःचीच शिसारी येते.

अष्टमीला मी तुमसरमार्गे बपेऱ्याला पोहोचलो. आईंच्या घरी शेजारच्या बाया भजनाला जमल्या होत्या. देवापुढे समई, कण्हेरीच्या फुलांचा वास. एका शेजारणीच्या मोबाइलवर मी संकेतस्थळ उघडले, तो आईंच्या हाती दिला आणि म्हटले, "आई, 'स्तोत्रे' यावर बोट ठेवा."

त्यांनी ठेवले. नावे उघडली नाहीत. उघडल्या त्या अर्धनग्न स्त्रिया, आणि त्यांच्यामध्ये गरगर फिरणारे जुगाराचे चक्र. मी मोबाइल घेऊन ते पुसण्याचा प्रयत्न केला, तर दुसरे तसेच उघडले, पहिल्याहून ओंगळ.

शेजारीण डोकावली. "गुरुजी, हे कोन्ती देवी व्हय?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "काय दिसून राहिलं रे? मले तं रंगच रंग दिसून राहिले."

"रेंज नाही, आई," मी म्हणालो.

अष्टमीच्या दिवशी, देवापुढे, गुरूंच्या घरात मी खोटे बोललो. दुसऱ्या वहीचे नाव आईंनी काढले नाही, आणि मला निरोप देताना त्या पेटीच्या खोलीच्या दारातच उभ्या राहिल्या. परतीच्या बसमध्ये मी हात मांडीवर उताणे ठेवून बसलो होतो. त्यांनी कशालाही स्पर्श करू नये, असे वाटत होते. घरी दोनदा स्नान केले. ते चित्र गेले नाही. चित्र तरी बाहेरचे होते. त्याला आत आणणारा हात माझा होता, आणि तोही नीट धुतलेला.

वर्ग उघडताच सारे शिक्षिकेला दाखवले. तिने स्क्रिप्ट वरून खाली पाहिली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"हे वाचलं का, गुरुजी?"

"वाचले. उलटेही वाचले."

"समजलं?"

"नाही."

"मंग ठेवलं काहून?"

ती ओळ दुसरीकडून जाहिराती ओढून आणते, तिने सांगितले; संगणकावर गप्प राहते, मोबाइलवर बोट लागले की उघडते. मग म्हणाली, "आमच्या घरी बाबा सांगत असतात, लिवलं आहे म्हणून मानून घ्याचं नाही. आधी पारखाचं."

एरवी या वाक्यावर मी तिच्याशी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी मान खाली घातली. अर्थाविना पाठ म्हणजे गाढवाच्या पाठीवरचे चंदन, असे मी शाळेत मुलांना सुनावत आलो होतो. माझ्या पाठीवर तर चंदनही नव्हते.

मी सारी स्क्रिप्ट पुसली आणि पहिल्यापासून आरंभ केला. नवी स्क्रिप्ट सव्वीस ओळींची झाली. ती लिहिताना शिक्षिका मध्येच येऊन कोणत्याही ओळीवर बोट ठेवी आणि विचारी, "हे कायले?" सांगता आले नाही, तर ओळ पुसायला लावी. चिकट कळ तशीच होती, जिनाही तसाच होता. पण आता माझी किळस त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. ती माझ्या स्वतःच्या हातांपाशीच संपत होती.

कार्तिकात पुन्हा बपेऱ्याला गेलो. या वेळी बाया नव्हत्या. आईंनी शेजारणीचा मोबाइल मागवून घेतला, पण स्वतः हात लावला नाही.

"तूच दाब. एकेक दाब. मी पाहून राहिली."

मी 'स्तोत्रे' उघडले. चौदा नावे एकामागोमाग दाबली. प्रत्येकात गुरूंचे अक्षर आले. त्यांनी सारी सूची मिटवायला लावली आणि पुन्हा पहिल्यापासून दाबायला सांगितले. मी दाबली.

"त्या रोजी मले दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू आहे, आंधळी नाही झाली मी."

मी क्षमा मागायला तोंड उघडले, तोच त्यांनी हाताने थांबवले आणि त्या भिंतीला धरून उठल्या.

"हात धुऊन ये."

मी मागच्या मोरीवर गेलो. तांब्याने पाणी घेतले आणि बोटांच्या पेरापेरांतून हात चोळू लागलो. एकदा झाले, पुन्हा घेतले, पुन्हा चोळले. आत पेटीचे झाकण उघडल्याचा आवाज आला. मी अजून चोळतच होतो.

"पुरे रे आता," आतून आई म्हणाल्या. "वही वाट पाहून राहिली."