एकही सबब न ठेवणारी रायफल

आमच्या शिकारीच्या कॅम्पात भिंतीवर हरणांची शिंगं कमी आणि शर्टांच्या कडा जास्त आहेत. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाची मागची कड संध्याकाळी सगळ्यांसमोर कापायची, तिच्यावर नाव आणि साल लिहायचं आणि खिळा मारून भिंतीवर ठोकायची, अशी रीत आहे. माझ्या बाबाच्या चार-पाच कडा आहेत. गॉर्डी पेलकीच्या इतक्या आहेत, की त्याची बायको म्हणते, अजून दोन वर्षं थांबा, पलंगपोसच होईल. माझीही एक आहे, पहिल्याच वर्षीची, बारीक निळ्या फुलांची. एवढ्या चौकड्यांच्या गर्दीत ती लांबूनसुद्धा ओळखू येते.

रेनो कांगासची मात्र एकही नाही. म्हणून कात्री रेनोकडे.

ज्याचा शर्ट शाबूत, त्यानंच बाकीच्यांचे कापायचे. आमच्या कॅम्पात एवढं एकच पद आहे आणि ते वर्षानुवर्षं रेनोकडे होतं. कापताना तो चष्मा लावायचा, घसा खाकरायचा आणि विचारायचा, "आरोपीला काही सांगायचंय?" आरोपी म्हणायचा, फांदी आडवी आली. रेनो म्हणायचा, "फांदीचा शर्ट नंतर बघू." आणि कर्रकन कात्री.

त्याचा शर्ट शाबूत राहिला होता, कारण त्यानं इतक्या वर्षांत हरणावर एकही गोळी झाडली नव्हती. ही गोष्ट काही कुणापासून लपलेली नव्हती. पण आमच्या लोकांनी तिचा अर्थ आपल्या परीनं लावून टाकला होता. "रेनो ऐऱ्यागैऱ्या हरणावर काडतूस वाया घालवत नाही," असं बाबा मला लहानपणी सांगायचा, आणि सांगताना आवाज खाली आणायचा, चर्चमध्ये आणतात तसा.

खरी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. रेनोला हरीण मारायचंच नव्हतं. त्याला कॅम्प हवा होता. लाकडाच्या शेगडीची ऊब, पहाटेचे पॅनकेक, पत्ते, सॉनाच्या गरम वाफेतून निघून बर्फात मारलेली बोंब, आणि उजाडायच्या आधी झाडाला टेकून गप्प बसणं. आमच्या टॅमरॅक फॉल्समध्ये हे सगळं बंदूक खांद्यावर असलेल्यालाच मिळतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे शाळेलासुद्धा सुट्टी असते. त्यातून रेनो गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुका विकायचा. मला मारवत नाही असं बंदूक विकणाऱ्यानंच म्हटलं, तर त्याच्याकडून विकत कोण घेणार आणि त्याच्याशी पत्ते कोण खेळणार?

पण विकावं कसं, ते रेनोकडून शिकावं. मी त्याच दुकानात शेजारच्या काउंटरवर रंग कालवते, त्यामुळे त्याचा प्रयोग मला रोज फुकटात बघायला मिळायचा. गिऱ्हाईक आलं, की तो आधी बोल्ट मागे ओढून बंदूक रिकामी असल्याचं स्वतः बघायचा, मग गिऱ्हाइकाला दाखवायचा, आणि नंतर खिशातून एक डॉलरची नोट काढून नळी आणि दस्ता यांच्या फटीतून अलगद मागपर्यंत सरकवायचा. "बघ. नळी कुठेही टेकलेली नाही. तापली, थंडावली, तरी गोळी जिथल्या तिथं." पुलापलीकडून आलेली शहरी माणसं त्या नोटेकडे तोंड उघडं टाकून बघत राहायची. सराव-मैदानावर कागदी चकतीवर त्याच्या तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जायच्या. कागदाशी त्याचं काही वाकडं नव्हतं, कागदाला डोळे नसतात.

जंगलात मात्र तो बापाची जुनी रायफल न्यायचा. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, सगळीकडे ओरखडे. ही बंदूक म्हणजे जणू घरातली आजारी म्हातारी, तिच्या नावावर काहीही टाळता यायचं. संध्याकाळी गॉर्डी विचारायचा, "काय म्हाताऱ्या, आज काही दिसलं?"

"दिसलं की. पण दमट हवेनं दस्ता फुगलाय. नळीला टेकतोय. नेमाचा भरवसा नाही."

पुढच्या वर्षी, "चापाचं कुलूप, ती सेफ्टी, खट्‌कन वाजली. गेलं पळून."

त्याच्या पुढच्या वर्षी, "दुर्बिणीत आतून वाफ धरली." नाहीतर चाप एवढा जड, की दाबेपर्यंत हरीण पुढच्या तालुक्यात. नाहीतर बंदूकच जड, खांदा भरून आला, पलीकडच्या टेकडीपर्यंत गेलोच नाही.

सगळे हळहळायचे. एवढा नेमबाज आणि काय ही बंदूक!

त्या हळहळीनंच घात केला. रेनो सत्तरीला आला त्या ऑक्टोबरात बाबा आणि गॉर्डी दुकानात आले. माझ्याकडे बघून बाबानं ओठांवर बोट ठेवलं.

"रेनो," गॉर्डी काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "माझ्या मेव्हण्याला रायफल द्यायचीय. नेमबाज आहे पठ्ठ्या, पण दरवर्षी बंदूक दगा देते म्हणतो."

"सगळे तेच म्हणतात," रेनो हसला. "त्याला अशी दे, की बोलायला तोंडच राहू नये."

"तीच दाखव."

रेनोनं मागच्या रांगेतून एक काळसर राखाडी रायफल काढली, बोल्ट उघडला, आत बघितलं. आणि रंगात आला.

"दस्त्यापासून सुरू करू. कार्बन फायबर. पावसात फुगत नाही, उन्हात आखडत नाही. जन्मभर तलावात बुडवून ठेव."

गॉर्डीनं बाबाकडे बघितलं. बाबा म्हणाला, "दस्ता झाला. आणि चाप?"

"मधोमध हे बारीक पातं बघ. बोट नीट त्यावर आल्याशिवाय चाप सुटत नाही. आणि आलं, की काच तुटावी तसा सुटतो, लहान मुलालाही कळणार नाही कधी सुटला. हवा तेवढा हलका करून घ्यायचा."

"सेफ्टी वाजते का रे?"

"ऐक." रेनोनं अंगठ्यानं ती पुढे सरकवली. आम्ही चौघांनी कान दिले. काहीच ऐकू आलं नाही. "लोण्यावर सुरी. तीन खाचा आहेत. मधल्या खाचेत बोल्ट उघडून काडतूस काढता येतं, चाप मात्र बंदच. कॅम्पात धडपडणाऱ्यांसाठी." हे गॉर्डीकडे बघून.

"वजन?"

"मांजराएवढं. नळीला बाहेरून खाचा पाडल्यात, बोल्टलासुद्धा. तुझा मेव्हणा दोन टेकड्या ओलांडेल आणि खांद्यावर काय आहे ते विसरेल. वरून सिरॅमिकचा थर, गंज नाही. खांद्याला मऊ उशी, धक्का नाही. बोल्टची मूठ थोडीशीच उचलावी लागते, हात दुर्बिणीला लागत नाही. आणि दुर्बीण ही घ्या. आत नायट्रोजन भरलाय, वाफ धरायचं नाव नाही. झुंजूमुंजू असलं तरी फुल्लीचा मध्य उजळतो."

"म्हणजे काही सबबच उरत नाही," बाबा म्हणाला.

"एकही नाही," रेनो अभिमानानं म्हणाला. "यानंतर हरीण पडलं नाही, तर दोष मेव्हण्याचा."

मी रंगाच्या डब्यात तोंड घातलं.

वाढदिवसाला दुकानाच्या मागच्या खोलीत केक कापला आणि ती लांब पेटी त्याच्यासमोर ठेवली. झाकण उघडल्यावर रेनोचं तोंड असं झालं, की गॉर्डीला वाटलं आनंदानं गहिवरलाय. त्यानं जाऊन मिठीच मारली.

"हे फार झालं," रेनो म्हणाला. "मी... माझ्या बापाची आहे ना अजून. तिला काय वाटेल?"

"तिला टांग भिंतीवर. आराम करू दे."

"ही सवयीची व्हायला वेळ लागेल. या वर्षी तरी..."

"महिना आहे! आणि तूच म्हणालास, लहान मुलालाही जमेल."

"दुर्बीण अजून..."

"तूच बसवून दिलीस, लेका. मेव्हण्यासाठी."

मग हंगाम उजाडला. माझी बसायची जागा बीव्हर प्राण्यांनी बांध घालून केलेल्या तळ्याच्या अलीकडे, रेनोची पलीकडे. पानं गळून गेल्यावर त्याचा नारिंगी कोट मला स्वच्छ दिसतो. ताजा बर्फ पडलेला, वारा नाही, हवा कोरडी. बिचाऱ्याला आभाळानंसुद्धा साथ दिली नव्हती.

आठ टोकांच्या शिंगांचा एक नर उतारावरून सावकाश आला आणि रेनोपासून हाकेच्या अंतरावर आडवा उभा राहिला. नुसता उभा राहिला नाही, रेंगाळला. मी श्वास धरून बसले. मग धाडकन आवाज झाला, आणि त्या नराच्या बराच वर, एका वठलेल्या पाइनवरचा सगळा बर्फ धपकन खाली आला. नर दचकला, त्यानं रेनोकडे एकदा बघितलं आणि तो निघून गेला. रेनो जागचा हलला नाही. मी तळ्याला वळसा घालून गेले तेव्हा तो शांतपणे रिकामं काडतूस खिशात टाकत होता.

"चुकलो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख शोधायचा मी प्रयत्न केला.

त्याचा हिशेब मला आता कळतो. गोळी झाडली, कुणाला लागली नाही, शर्टाची कड जाईल, कात्री जाईल. पण चुकणं हा आमच्यात गुन्हा नाही, चुकणारे सगळेच आहेत. फक्त चुकणाऱ्यांत जाऊन बसायचं होतं त्याला.

दुपारी कॅम्पात त्यानं कात्री टेबलावर ठेवली, पाठ केली आणि शर्ट पँटमधून बाहेर काढला. "कापा."

कुणी हात लावेना.

"शक्यच नाही," बाबा म्हणाला. "रेनो चुकत नाही."

"अरे, चुकलो म्हणतो ना! हिनं बघितलं."

"मी बर्फ पडताना बघितला," मी म्हणाले.

"किती वर गेली गोळी?" गॉर्डीनं विचारलं.

"खूप वर."

"मग झालं तर!" गॉर्डीनं टेबलावर थाप मारली. "खूप वर म्हणजे माणूस नाही, बंदूक. ही बंदूकच बाद आहे. मला तेव्हाच शंका आली होती, तो प्लास्टिकसारखा दस्ता बघून."

रेनो वळला. "प्लास्टिक नाही ते."

"नळी वाकडी असणार," बाबा म्हणाला.

"नळी?" रेनो म्हणाला. "नळी सरळ आहे."

"आजकालचा सगळा माल असलाच," गॉर्डी म्हणाला. " दिसायला चकाचक, आत भुसा. चापाला ते पातं कशाला हवंय? शोभेला! त्यापेक्षा तुझ्या बापाची काय वाईट होती? सोमवारी कंपनीला परत पाठवू आणि चांगलं खडसावून सांगू. गावात पण सगळ्यांना सांगू, ही घेऊ नका म्हणून."

"गॉर्डी, गप्प बस."

"का? पैसे आम्ही दिलेत. टाकाऊ मालाला टाकाऊ..."

"टाकाऊ नाही ती!" रेनो इतक्या जोरात ओरडला, की शेगडीवरची किटली हलली असं मला वाटलं. "इतकी नेटकी रायफल मी आजवर विकलेली नाही! जिथं धरली तिथं लागली! पाइनच्या खोडात माणसाच्या डोक्याच्या बरीच वर एक काळी गाठ आहे, तिच्या मधोमध नेम धरला होता मी, आणि तिथंच असेल गोळी, जा बघून या!"

गॉर्डीनं हळूच विचारलं, "झाडावर कशाला?"

"कारण झाडाच्या खाली हरीण होतं."

"तेच विचारतोय मी."

रेनो बाकावर बसला. "मला नाही मारायचं हरीण. कधीच नव्हतं मारायचं. दस्ता फुगला नव्हता, सेफ्टी वाजली नव्हती. बापाच्या बंदुकीवरही मी खोटे आळ घेतले. ती गरीब, मुकी, तिनं सोसलं. पण हिच्यावर घेऊ देणार नाही."

बाबा आणि गॉर्डी खरोखरच तळ्यापलीकडे जाऊन आले. येताना बाबाचं तोंड गंभीर होतं. "गाठीच्या मधोमध आहे," तो म्हणाला, पुन्हा त्या चर्चमधल्या आवाजात.

आता पंचाईत झाली. कड कापायची ती नेम चुकल्याबद्दल. हा तर चुकलाच नव्हता. आणि न चुकणाऱ्यानं इतकी वर्षं आम्हाला उल्लू बनवलं, त्याला शिक्षा काय, हे कुणी कधी ठरवलंच नव्हतं. गॉर्डी म्हणाला, याला कॅम्पातून काढा. बाबा म्हणाला, मग पहाटे पॅनकेक कोण करणार, तू? गॉर्डीच्या हातचे पॅनकेक आम्ही एकदा खाल्ले होते. तो विषय तिथेच संपला.

शेवटी रेनोनंच बटणं काढली. अख्खा शर्ट काढून त्यानं बाबाच्या हातात दिला. "ठोका," म्हणाला. आतल्या लोकरी बनियनवर पँटचे खांद्यावरचे पट्टे चढवून तो पत्ते पिसायला बसला. एवढ्या कडांच्या मध्ये एक पूर्ण शर्ट, बाह्या पसरलेला. गॉर्डी रात्रभर त्याच्याकडे बघत कुरकुरत होता, की आपल्या कडांना जागा कमी पडणार.

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? मला वाटलं, आता याच्या काउंटरवर माश्या बसणार. झालं उलटंच. स्वतःचं नाक कापलं गेलं तरी बंदुकीला नाव ठेवू देत नाही, असा विकणारा कुठे मिळणार? नाताळच्या आत तसल्या राखाडी रायफलींची रांग संपली. ज्यांनी घेतल्या ते आता संध्याकाळी कॅम्पात फार कमी बोलतात, असं ऐकते.

त्याची बायको आयली जानेवारीत स्वयंपाकघरासाठी पिवळा रंग घ्यायला आली. मी डबा हलवत होते.

"शर्टाशिवाय घरी आला," ती म्हणाली. "म्हटलं, कुठंय? म्हणाला, भिंतीवर. म्हटलं, मग सांगितलंस तर एकदाचं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अगं, लोकांचे नवरे कॅम्पातून आले की महिनाभर हरणाच्या गोष्टी सांगतात. हा इतकी वर्षं नुसती हवा सांगायचा. वारा कुठून होता, बर्फ किती होता. बायकोला एवढं कळत नाही?"

"मग आता?"

आयलीनं कपाळावर हात मारला. "आता हरीण सांगतो. रोज. कसं उतरलं, कसं उभं राहिलं, याच्याकडे कसं बघितलं. नोव्हेंबरात आठ टोकं होती शिंगांना. काल पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर बारा झाली."