बाराचा शंख

माझ्या धाकट्या बहिणीच्या शाळेला स्वतःचं असं काहीच नव्हतं. जबलपूरच्या आमच्या फॅक्टरी कॉलनीत मराठी मंडळाचा हॉल होता आणि त्याच्या मागे गणपतीचं सामान ठेवायची खोली. शाळा भरायची ती या खोलीत. मखर, दिव्यांच्या माळा, नाटकाचे पडदे आणि त्यांच्या मधोमध सात-आठ मुलं. भाद्रपदात गणपती बसले की शाळेला सुट्टी, कारण तेव्हा खोलीत मंडळाचा स्वयंपाक चालायचा. आज ती शाळा अधारतालला स्वतःच्या जागेत आहे आणि रिछाईचे कारखानेवाले तिला दर वर्षी काही ना काही देतात. मला मात्र शाळा म्हटलं की अजून कापूर आणि रंगाचा वास येतो.

आता अशा मुलांना विशेष म्हणतात. तेव्हा लोक जे म्हणायचे ते मी इथे लिहिणार नाही. त्या शब्दांपायी मी दोन मैत्रिणींशी बोलणं कायमचं टाकलं आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

शाळा चालायची वर्गणीवर. पगार झाला की मंडळातल्या दोघी जणी पिशवी घेऊन निघायच्या आणि मराठी, बंगाली, मद्रासी, पंजाबी, कुठलंही दार सोडायच्या नाहीत. कोणी पैसे द्यायचं, कोणी डाळ, कोणी मुलांचे आखूड झालेले स्वेटर. एकांनी घरात नकोशी झालेली पेटी दिली होती, तिचे काही सूर मुकेच होते. बाकं फॅक्टरीच्या लिलावात घेतलेल्या खोक्यांच्या लाकडाची. माझ्या बहिणीच्या बाकावर इंग्रजीत 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं आणि सुतारानं नेमकी ती बाजू खाली बसवली होती. शिकवणाऱ्या बाई नागपूरच्या, एका फोरमनच्या बायको. पगार घेत नसत, पण रागवायची मुभा पुरेपूर घेत.

या बाईंनी दोन वर्षं खपून माझ्या बहिणीला एक गोष्ट शिकवली होती. बाराला फॅक्टरीचा भोंगा झाला की ओवायचे मणी डब्यात भरायचे, चपला घालायच्या आणि एकटीनं घरी यायचं. घर त्याच गल्लीच्या टोकाला होतं, वाटेत वळणसुद्धा नव्हतं. पण ती पहिल्यांदा एकटी आली तेव्हा आईनं शेजारीपाजारी साखर वाटली होती. त्याच भोंग्याला बाबा सायकलवर जेवायला यायचे. आईनं ताटं काढली की माझी बहीण ती तिच्या हातातून घ्यायची. मांडायचं काम तिचं, त्यात कोणी ढवळाढवळ केलेली तिला खपत नसे.

मग एकाहत्तरची लढाई लागली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटले, मैदानात लपायला खड्डे खणले गेले, आणि बाबा ओव्हरटाइममुळे फक्त झोपायला घरी येऊ लागले. भोंगाही बंद झाला. यापुढे भोंगा वाजला तर तो शत्रूच्या विमानांसाठीच, असं सगळ्यांना बजावलं गेलं.

माझी बहीण बाकावर बसूनच राहिली. बारा वाजले, एक वाजला. बाईंनी सांगून पाहिलं, आई गेली, मी गेले. तिनं बाक घट्ट धरलं होतं. "भों नाई," ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं. भोंगा झाला नव्हता, तर घरी कसं जायचं? आम्ही तिला अक्षरशः उचलून आणलं आणि ती जेवली नाही. रोज हेच होऊ लागलं.

अशात नागपूरहून मामा आला. मामा वाईट नव्हता, तिच्यासाठी दर खेपेला संत्र्याची बर्फी आणायचा. पण या वेळी तो तिला घेऊन जायला आला होता. दूरच्या एका शहरात अशा मुलांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था होती, तिथे त्यानं शब्द टाकला होता.

"ताई, काहून हट्ट करून राहिली?" तो आईला म्हणाला. "उद्या बॉम्ब पडला तर हिला खड्ड्यात कोण नेईल? भाऊजी तिकडे फॅक्टरीत. ही तर बाकावरून उठून नाही राहिली!"

आई पोळ्या लाटत राहिली. बाबा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "एकटी येत होती ती. तू आहेस तोवर पुन्हा तशी आली, तर इथंच राहील. नाही तर..." ते सायकल काढून गेले. मामा पाच-सहा दिवस राहणार होता. मला त्या दिवसांत मामाची बर्फीसुद्धा कडू लागली.

वर्गणीची पिशवी त्या महिन्यात हलकीच परत आली. सगळं जवानांसाठी चाललं होतं आणि त्यात गैर काही नव्हतं, आईनंही आपली सगळी लोकर तिकडेच दिली होती. बाईंनी गल्लीतल्या बायकांना हॉलवर बोलावलं आणि म्हणाल्या, "पैसे नका देऊ या वेळी. मला बाराचा भोंगा द्या."

बायका कामाला लागल्या. कोणी देवळातली घंटा आणली. माझ्या बहिणीनं ती ऐकली आणि पुन्हा मणी ओवायला घेतले. कोणी कुकरच्या शिट्टीची वेळ जमवली. तिकडे तर तिनं लक्षच दिलं नाही. शेवटी सगळ्या जणी आपापल्या फाटकात उभ्या राहिल्या आणि बाराला एका सुरात तोंडानं "भों" करून ओरडल्या. बहिणीनं मान वर केली! तेवढ्यात कॉलनीचे वॉर्डन, हवाई हल्ल्याच्या बंदोबस्ताचे गृहस्थ, अर्ध्या गालाला साबण तसाच, सायकल हाणत आले.

"बहनजी, मरवाएँगी क्या? पीछे की पूरी लाइन खड्डे में उतर गई है!"

ते खरंच होतं. एक जण तर जेवणाचं ताट घेऊनच खड्ड्यात उतरला होता. बाईंनी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी गालावरचा साबण पुसला. "समझा. लेकिन भोंपू जैसा कुछ नहीं चलेगा. शंख बजा लीजिए. शंख से कौन डरता है?"

सगळ्यांच्या माना बंगाली काकीकडे वळल्या. आमच्या घरापासून चार फाटकांवर राहणारी ही काकी रोज तिन्हीसांजेला शंख वाजवायची आणि तो पार मैदानापर्यंत ऐकू जायचा. आमच्यात बायका शंख वाजवत नाहीत म्हणून आईला त्याचं मोठं नवल वाटायचं.

"दोपहर में?" काकी विचारात पडली. "पूजा का शंख है." ती घरात गेली, बहुधा देवाला विचारायला, आणि पदर खोचत बाहेर आली. "ठाकुर ने हाँ बोल दिया. हम बजाएगा."

पहिल्या दिवशी शंख वाजला, तेव्हा बहीण नुसती ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं मणी डब्यात भरले, पण उठली नाही. तिसऱ्या दिवशी मामा स्वतः पाहायला आला. त्याच संध्याकाळची त्याची गाडी होती आणि आईनं रडत रडत बहिणीचे फ्रॉक एका पेटीत भरून ठेवले होते.

शंख वाजला. बहिणीनं मणी भरले, डब्याचं झाकण लावलं, उठली आणि चपला घातल्या. उलट्या घातल्या. मामा त्या नीट करायला पुढे झाला तशी मी त्याची बाही धरली. "मामा, तिला हात लावशील तर बघ!" मोठ्या माणसाशी असं बोलल्याबद्दल एरवी थोबाडीत बसली असती. मामा थांबला.

ती निघाली, मागे आम्ही. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून गल्लीतल्या सगळ्या बायका एकदमच फाटकात तांदूळ निवडायला बसल्या होत्या. गाल फुगवून, लालबुंद होऊन काकी शंख फुंकतच होती. थांबली तर पोरगी थांबेल अशी तिला धास्ती होती. घरी पोचल्यावर बहिणीनं आईच्या हातातून ताटं घेतली आणि मांडली. मामा दारातच उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि फळीवरून आणखी एक ताट काढलं. "मामा, बस."

मामा खाली मान घालून जेवला. संध्याकाळी एकटाच निघाला. जाताना फाटकात आईला म्हणाला, "तिकडे जागा ठेवायला सांगतो. गरज पडली तर." आईनं फ्रॉक पेटीतून काढले, पण ते वाक्य काही तिच्या मनातून गेलं नाही.

लढाई संपली, पेढे वाटले गेले आणि बाराचा भोंगा पुन्हा सुरू झाला. माझ्या बहिणीनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती शंखाची वाट बघत बसली! आम्ही पोट धरून हसलो. काकीची मात्र सुटका नव्हती. ताप असो, पाहुणे असोत, बाराला ती फाटकात हजर. पुढे बाकीची मुलंही शंखालाच उठू लागली. वर्गणीची पिशवी दारात आली की काकी हात झटकून म्हणायची, "हमारा चंदा तो रोज बारह बजे जाता है," आणि तरी वाटीभर डाळ घालायचीच.

काही वर्षांनी काकीचे यजमान निवृत्त झाले आणि दोघं बंगालला परत जायला निघाले. आईचा चेहरा उतरला. मामानं राखलेली ती जागा तिला पुन्हा आठवली असणार. तिनं स्वतः शंख फुंकून पाहिला, मी फुंकून पाहिला, नुसती थुंकी उडाली. "तुम लोग छोड़ो," काकी म्हणाली. "इसको सिखाएगा." आणि तिनं बहिणीला शेजारी बसवलं. मुलांचे ओठ बळकट व्हावेत म्हणून बाई त्यांना कापसाचे बोळे फुंकायला लावायच्या, तेवढीच काय ती तिची तयारी. रोज संध्याकाळी काकीच्या ओसरीवरून फुस्स, फुस्स ऐकू यायचं. काकीच्या घरातलं सामान बांधून झालं तरी फुस्सच.

निघायच्या दिवशी टांगा सकाळीच दारात आला. काकीचा पाय काही निघेना. तुळशीला पाणी घालायचं राहिलं, मग कुलूप नीट लागलं नाही, मग तिला दम लागला आणि ती ट्रंकेवर बसून राहिली. यजमान घड्याळ बघून कातावले होते. शंख तिनं सकाळीच शाळेत देऊन टाकला होता.

बाराचा भोंगा होऊन गेला. गणपतीच्या खोलीतून फुस्स ऐकू आलं. पुन्हा फुस्स. काकीनं डोळे मिटून घेतले. मग शंख वाजला. कापरा, मध्येच तुटलेला, पण गल्लीच्या टोकापर्यंत पोचलेला. खोलीतून मुलं एकेक करून बाहेर पडली आणि घराकडे चालू लागली. सगळ्यांच्या शेवटी माझी बहीण, पोटाशी शंख धरून. काकीच्या फाटकापाशी ती थांबलीसुद्धा नाही. तिला ताटं मांडायची होती.

काकी ट्रंकेवरून उठली आणि यजमानांना म्हणाली, "बज गया. चलो, अब हम भी घर जाएगा."