जहराच्या पत्त्यावरचं गाऱ्हाणं

कुवेतमधल्या अमेरिकन छावणीत मी एसी दुरुस्तीचं काम करतो, हे माझ्या बायकोला दोन वर्षं माहीत नव्हतं. त्याआधी मी तिथल्याच जहरा शहरातल्या इस्पितळात हेच काम करत होतो. तिथलं कंत्राट संपलं आणि कंपनीने मला वाळवंटातल्या छावणीवर पाठवलं. बायको गावी, राजापूरकडे. टीव्हीवर लढाऊ विमान दिसलं तरी देवापुढे दिवा लावणारी. म्हटलं, उगाच कशाला तिच्या जिवाला घोर? फोटो पाठवताना गळ्यातला छावणीचा बिल्ला दिसणार नाही एवढं मी बघायचो.

छावणीच्या जेवणघरात मोठा टीव्ही होता. त्यावर कुणी ना कुणी टायवाला साहेब सांगत असायचा, की जगावरच्या संकटांना तोंड द्यायला अमेरिका सगळ्यांच्या पुढे उभी आहे. असेल बाबा. पण पुढे उभं राहणारा कुठेतरी पाय रोवणार, आणि जिथे ते पाय रोवलेत तिथलेच एसी मी धूत होतो. विजा कडाडायला लागल्या की गावी आम्ही उंच माडाखाली थांबत नाही. इथे मी रोज सकाळी बिल्ला दाखवून त्या माडाखाली जात होतो.

त्या आठवड्यात अमेरिकेचं इराणशी जास्तच बिनसलं होतं. शिपाई जेवतानाही हेल्मेट जवळ ठेवू लागले, आणि एका दुपारी भोंगा वाजला. सरावाचा भोंगा लगेच थांबतो. हा थांबेना. हातातला पाइप टाकून मी बंकरकडे पळालो. बंकर म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेला काँक्रीटचा आखूड बोगदा, भोवती वाळूची पोती. आत पाच-सहा शिपाई आणि माझा सोबती. हा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन. जलीबच्या कामगार वस्तीत आम्ही एकाच खोलीत राहतो. तो डोळे मिटून दुआ मागत होता. शेजारचा शिपाई मला म्हणाला, घाबरू नकोस, अख्ख्या आखातात याहून सुरक्षित जागा नाही. हे सांगताना त्याला स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा लावता येत नव्हता.

वर धमाका झाला. मग दुसरा, अगदी जवळ. पाठीमागची भिंत हादरली आणि तोंडात धूळ गेली. सांगायला लाज कसली, मी रडलो.

रडता रडता देवाचं नाव घ्यायला लागलो आणि एकदम गावचं गाऱ्हाणं आठवलं. आमच्याकडे माणूस परदेशी असला की शिमग्याला त्याच्यासाठी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. गुरवाने त्यात माणसाचं नाव, घर आणि तो कुठे आहे ते नीट सांगायचं. मोघम सांगितलं तर गावकरी मध्येच टोकतात. माझी बायको दर वर्षी नारळ घेऊन उभी राहायची आणि गुरव म्हणायचा, 'कुवेत देशात, जहराच्या इस्पितळात कामाला असलेल्या ह्या लेकराला सांभाळ, म्हाराजा.' सगळे 'होय म्हाराजा' म्हणायचे. म्हणजे माझा देव दोन वर्षं जहराच्या इस्पितळाच्या दारात पहारा देत होता, आणि मी इथे एकटा.

मी सोबत्याला तसं बोललो. त्याने डोळे उघडले. "अरे, मग आता तरी खरी जागा सांग त्याला."

मी हात जोडले, पण मनात आली ती बायको. मेलो तर बायको जहराला चौकशा करत बसेल, आणि तिथले सांगतील, असा माणूस इथे नाही. मरणाइतकीच मला त्याची भीती वाटली.

तासाभराने भोंगा थांबला. आमचे फोन गेटवर ठेवून घेतात, ते परत मिळाले. सोबत्याने घरी खरं सांगितलेलं होतं. त्याच्या फोनवर बायकोचे कितीतरी कॉल पडले होते. माझ्या फोनवर एक निरोप होता: "टीव्हीवर दाखवतायत. ती छावणी तुमच्यापासनं लांब हाय ना? देवान् राखलान. जेवलाव काय?"

मी रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे देवाला मी खोटं सांगितलं?" ती म्हणाली. "दोन वर्सं?"

"तू नाही. मी."

"उद्याच गुरवाकडं जाते. जागा काय सांगू?"

"ती सांगायची परवानगी नाही. कंपनीने तशी सही घेतलीय."

मग ती जी चिडली! अमेरिकेला, कंपनीला, मला, कुणालाच सोडलं नाही. चिडता चिडता तिला रडू फुटलं. "नको सांगू," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती मला अरे-तुरे करत होती. "मी जागेचं नावच घेत नाय. त्याला म्हणते, म्हाराजा, माझा माणूस जिथं कुठं हाय तिथनं उचल आणि घरी आणून सोड."

शेजारून लष्करी गाड्या जात होत्या. मी डोळे मिटले आणि फोनमध्ये म्हणालो, "होय म्हाराजा."