कानातली शिटी

गोवा घटक राज्य झाले त्या वर्षी मी डिचोलीजवळच्या एका खाणीच्या दवाखान्यात खोकला दाखवायला बसलो होतो. माझ्या आधीचा रोगी सिंधुदुर्गाकडचा, खडकात सुरुंगासाठी भोके पाडणारा. त्याच्या कानात दिवसरात्र शिटी वाजत होती. त्याला यंत्रावरून बदलीची चिठ्ठी हवी होती.

पडदा अर्धाच ओढलेला होता; डॉक्टरांनी कानात न डोकावताच कारणे सांगितली: मळ, सर्दी, वय, रक्तदाब, चुकीच्या गोळ्या. यंत्राचा आवाज त्यांच्या पुस्तकातही असणार. कंपनीच्या पगारावरच्या जिभेवर तो आला नाही. चिठ्ठीऐवजी थेंब मिळाले.

बाटली येईपर्यंत तो माझ्या शेजारी बसला. मी ओरडून विचारले, "कानात कापूस नाही घालत?"

"घातलो तर मुकादम काढूक लावता. म्हणता, सुरुंगाची शिटी आयकाक येवची नाय."

"आणि आता येते?"

"माझ्या कानात ती सदाच वाजता. खरी खंयची, ता कळणा नाय. मी बाकीच्यांचे पाय बघतंय. ते धावले काय मी धावतंय."

हे तो हवापाणी सांगावे तसे सांगत होता. बाहेर चौकात कर्णे लावून एक पुढारी गर्जत होता की आता आपला आवाज दिल्लीपर्यंत पोचला. दवाखान्याच्या पडद्यापलीकडे एका माणसाचा आवाज पोचला नव्हता, आणि मला पुढारी आणि डॉक्टर, दोघांचीही चीड आली.

माझे नाव पुकारले. मी घाईने उठलो, तसा तोही दचकून उठला आणि दाराकडे धावला.