बाईंचे ओठ

ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत बाईंनी एकोणीस वर्षं ओठ वाचायला शिकवलं. पोरं फळ्याकडे कमी आणि त्यांच्या तोंडाकडेच जास्त बघत. एका सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळलं. आरशात बघतात तर अर्धा चेहरा लोंबलेला.

"तीन महिन्यांत होईल बरं," डॉक्टर म्हणाले होते. दीड वर्ष उलटलं. गोळ्या झाल्या, शेक झाले, मालिश झाली. शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले. नवरा धीर द्यायला म्हणायचा, "अगं, अर्ध्या तोंडानंसुद्धा तू मला पुरून उरतेस." सुरुवातीला त्या हसायच्या. मग एकदा आपलं हसणं त्यांना खिडकीच्या काचेत दिसलं, तेव्हापासून तेही बंद झालं.

वर्गात तर जीव नकोसा व्हायचा. त्या 'पाणी' म्हणत आणि मुलं गोंधळून एकमेकांकडे बघत.

"सत्र संपेपर्यंत बघू," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "नाहीतर ऑफिसात बसा. तिथंही काम आहेच."

बाईंनी ॲक्युपंक्चरचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं, "दुखणं जुनं आहे. मी शब्द देत नाही." केसासारख्या बारीक सुया भुवईवर, गालावर, हनुवटीत लागल्या, एक तर अंगठ्याच्या बेचक्यात. आठवड्यातून तीन खेपा. विसाव्या खेपेपर्यंत डोळा मिटायला लागला, झोपताना पापणीला पट्टी चिकटवायची गरज उरली नाही. ओठ मात्र ढिम्म.

"दुप्पट सुया लावा," बाई काकुळतीला आल्या. "दुखलं तरी चालेल."

"सुया वाढवून नस लवकर जागी होत नाही हो."

बाई सुयांसकटच रडल्या.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात वर्गातली एक नऊ वर्षांची मुलगी उठून टेबलापाशी आली. तिनं आपली वही बाईंच्या डाव्या गालावर, ओठांची लोंबलेली बाजू झाकेल अशी धरली आणि बोला अशी खूण केली.

"पाणी," बाई म्हणाल्या.

"पाणी," मुलगी जड आवाजात म्हणाली.

मासा, चेंडू, खिडकी. सगळं बरोबर. आपला अर्धा चेहरा झाकावा लागतोय हे बाईंना सोसवेना, आणि तिचा हात बाजूला सारवेना.

वर्ग त्यांच्याकडेच राहिला. आता त्या गालावर पुठ्ठा धरून शिकवतात. दवाखान्याच्या खेपा चालूच आहेत. परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ओठात काही फरक?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि पलंगावर आडव्या झाल्या.