दगडी पाल्याची चाचणी आणि सासूबाईंची करंगळी

लग्नानंतर एम.एस्सी. करणाऱ्या सुनेला हमरापुरात दोनच प्रश्न विचारतात: कधी संपणार, आणि संपल्यावर कंपनीत लागणार का. माझ्या सासूबाईंनी तिसरा विचारला. "आमचा दगडी पाला कामाचा हाय का नाय, हे तरी शिकवतात काय गो तिकडं?"

दगडी पाला म्हणजे बांधावरचं तण. लांब दांड्यावर एकच पिवळट फूल. हात कापला की पाला तळहातावर चोळायचा आणि रस जखमेवर पिळायचा. आमच्या गणपतीच्या कारखान्यात प्रथमोपचाराची पेटी होती, पण तिच्यात ब्रश ठेवलेले असायचे. औषधपाणी सासूबाईंकडे. मूर्तींचे डोळे त्याच रेखायच्या आणि कामगारांना पालाही त्याच लावायच्या. दोन्हींत दुसऱ्या कुणाची लुडबुड त्यांना खपायची नाही.

म्हणून रोह्याच्या कॉलेजात मी प्रकल्पाला हाच पाला घेतला. तो जंतू मारतो का आणि त्यात अँटिऑक्सिडंट आहेत का, एवढं बघायचं होतं. नेमकी तेव्हाच सासूबाईंच्या पायाच्या करंगळीत तार घुसली. त्यांना साखर. पाय निम्मा बधिर, त्यामुळे दुखत नव्हतं, आणि दुखत नाही म्हणजे पाल्यानं गुण आला! डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायच्या, "तुझा निकाल येऊ दे. पाला हरला तर जाईन."

म्हणजे प्रकल्पासाठी पाला जिंकायला हवा आणि घरासाठी हरायला हवा, अशी माझी गोची.

अँटिऑक्सिडंटचं प्रकरण मी त्यांना समजावून पाहिलं. जांभळ्या द्रावणात अर्क टाकायचा. जांभळा रंग उडाला की अर्क चांगला. त्या हसतच सुटल्या. "रंग उडाला तर चांगला? आमच्याकडं रंग उडाला तर गिऱ्हाईक शिव्या घालतं."

जंतूंची प्लेट मात्र त्यांना एकदम पटली. जंतूंच्या दुधाळ थरात पाल्याच्या अर्काभोवती भलंमोठं स्वच्छ वर्तुळ, म्हणजे तिथले जंतू साफ. मी फुशारून फोटो दाखवला. त्यांनी तो स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतला आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला दाखवला.

दोन दिवसांनी कॉलेजातल्या मॅडमनी विचारलं, "अर्क अल्कोहोलमध्ये काढलास ना? मग नुसत्या अल्कोहोलची प्लेट कुठाय?"

नव्हती. अर्कातलं अल्कोहोल मी उडवूनही टाकलं नव्हतं. माझे जंतू पाल्यानं नाही, दारूनं मेले होते.

हे त्याच दिवशी घरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली, दुसरं काही नाही. चाचणी पुन्हा करण्यात चार दिवस गेले. तिकडे करंगळी काळपटत चालली होती आणि मी "जरा खात्री करून घेते" म्हणत रोज रोह्याची एसटी पकडत होते.

नवी प्लेट झाली. अल्कोहोल उडवल्यावर पाल्याभोवती उरलं ते बारीकसं कडं. शेजारी डॉक्टर देतात त्या गोळीतल्या प्रतिजैविकाची चकती होती, तिच्याभोवती मात्र ऐसपैस वर्तुळ. फोटो सासूबाईंपुढे धरला आणि पहिल्या प्लेटचा घोटाळा सांगून टाकला. आता आळीभर माझा उद्धार होणार, याची तयारी ठेवली होती.

त्यांनी चष्मा लावला. डोळ्याच्या रेघेतला केसभर फरक ओळखणारी बाई, तिला मोजायला पट्टी लागत नाही.

"हा बारका माझा?"

"हो."

"हा मोठा डॉक्टरचा?"

"हो."

"मग बसलीस काय? रिक्षा बोलव."

पेणच्या डॉक्टरांनी करंगळीवरचं फडकं सोडलं आणि त्यांचा चेहराच उतरला. पाय वाचेल, म्हणाले, पण करंगळी काढावी लागेल. चार-पाच दिवस आधी आला असतात तर कदाचित तीही वाचली असती. "इतके दिवस काय करत होतात?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. लग्नापासून मला टोमणा मारायची एकही संधी या बाईनं सोडली नव्हती, आणि ही तर आयती चालून आलेली.

"गणपतीची घाई होती, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "डोळे रेखायचे राहिलेले. मीच आले नाय."

"खोटं आहे," मी म्हणाले, "माझ्या..." तेवढ्यात त्यांनी माझा हात असा दाबला की कळ खांद्यापर्यंत गेली.

"तू गप बस गो," त्या पुटपुटल्या. "आधी पास तर हो."